बागेची माती आणि हिरवळीची माती: आहे ती सुधारावी, बाहेरून आणावी की तयार मिश्रण घ्यावे?

नव्या जागेत बाग करताना मातीचा निर्णय बहुधा घाईत उरकला जातो आणि रोपे व बी निवडण्यात मात्र कित्येक दिवस जातात; खरे तर हा क्रम उलट असायला हवा. वाट तीन प्रकारची असते. जागेवर असलेली माती सुधारून घेणे, दुसरीकडची चाळलेली वरच्या थराची माती आणून पसरणे किंवा पिशव्यांतून मिळणारे तयार मिश्रण वापरणे. यांतील एकच वाट सगळीकडे चांगली ठरत नाही, कारण फुलझाडांचा वाफा आणि बी पेरून केलेली हिरवळ यांच्यात एक मूलभूत फरक आहे. वाफा दर हंगामात उकरता येतो, त्यात पुन्हा खत मिसळता येते आणि मागच्या वर्षीची चूक पुढच्या वर्षी दुरुस्त होते. हिरवळ एकदा रुजली की तिच्या मुळाखालची माती पुन्हा हाताला लागत नाही. पुढची सगळी तुलना या फरकावर उभी आहे.

आधी माती ओळखावी. मातीतील कण आकारानुसार तीन प्रकारचे असतात: ०.०५ ते २ मिलीमीटरपर्यंतचे वाळूचे, त्याहून बारीक गाळाचे आणि ०.००२ मिलीमीटरपेक्षाही लहान असे चिकणमातीचे. साधारण ४० टक्के वाळू, ४० टक्के गाळ आणि २० टक्के चिकणमाती असली की ती उत्तम पोयट्याची माती होते. ती पाणी धरते, पण जास्तीचे सोडूनही देते. रंगावरून निर्णय करू नये. काळसर माती सेंद्रिय अंशाने समृद्ध असेलच असे नाही, कारण काही मातींचा काळेपणा त्यांतील खनिजांमुळेही येतो.

हाताने करायची एक परीक्षा प्रत्येकाने करावी. मूठभर माती घेऊन तिच्यात थेंबाथेंबाने पाणी घालत कणकेसारखी मळावी, मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून तिची चपटी पट्टी पुढे सरकवावी. पट्टी होतच नसेल आणि बोटांना खरखर लागत असेल तर माती रेताड आहे. साधारण २.५ सेंटिमीटरच्या आत पट्टी तुटली तर ती पोयट्याजवळची आहे. ५ सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता लोंबत राहिली आणि बोटांवर तुकतुकीत थर उरला, तर ती भारी चिकणमाती समजावी. बरणीत एकतृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवून ठेवले तर हेच डोळ्यांना दिसते: वाळू एक-दोन मिनिटांत तळाला बसते, गाळाला काही तास लागतात, तर चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असू शकते.

यात एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. उत्तम पोयटा मिळत नसेल आणि किंचित रेताड किंवा किंचित चिकण यांतून निवडायचे असेल, तर वाफ्यासाठी मी चिकण बाजूची माती घेईन, कारण ती अन्नद्रव्ये धरून ठेवते आणि तिचा घट्टपणा खताने दरवर्षी थोडा थोडा कमी करता येतो. हिरवळीसाठी मात्र मी रेताड बाजूची घेईन. हिरवळीवर लोक चालतात, मुले खेळतात आणि चिकणमाती पायांखाली दबून मुळांची हवा बंद करते. खेळाच्या मैदानांच्या गवताखाली मुद्दाम वाळूचे प्रमाण जास्त ठेवतात ते याच कारणाने. रेताड मातीत पाणी आणि खत वारंवार द्यावे लागते, पण ते वरून देता येते. दबलेली माती वरून मोकळी करणे फार कठीण असते.

आता पहिली वाट. आहे ती माती सुधारणे हा पर्याय सर्वांत कमी दिमाखदार आहे आणि माझ्या मते बहुतेक जागांना तोच योग्य आहे. १०० चौरस मीटर जागेवर १० सेंटिमीटर जाडीची नवी माती पसरायची तर १० घनमीटर माती लागते. त्याच जागेवर २.५ सेंटिमीटर जाडीचे चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत पसरून ते १० ते १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत मिसळायचे तर २.५ घनमीटर पुरते. वाफ्यात पहिल्या वेळी याच्या दुप्पट घातले तरी चालते. हिरवळीखाली मात्र हात आखडता ठेवावा, कारण सेंद्रिय पदार्थ कुजत जातो तशी जमीन खाली बसते आणि सपाट केलेल्या जागेला खळगे पडतात. खत पूर्ण कुजलेले हवे: त्याला उग्र वास नसावा आणि ढिगाच्या आत हात घातल्यावर ऊब लागू नये. अर्धवट कुजलेला पाला किंवा भुसा मातीतील नत्र काही काळ स्वतःच ओढून घेतो आणि कोवळे गवत पिवळे पडते.

चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होते, हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने पुष्कळ बागांचे नुकसान केले आहे. थोड्या प्रमाणातील वाळूचे दाणे चिकणमातीत रुतून बसतात आणि मिश्रण वाळले की विटेसारखे कठीण होते. खरा फरक पडायला एकूण मिश्रणात निम्म्याहून जास्त वाळू असावी लागते. कंपोस्ट हाच इथे खरा उपाय आहे. काम वाफसा आल्यावरच, म्हणजे माती चिकट ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशा वेळीच करावे. ओल्या चिकणमातीत फावडे घातले तर तिची ढेकळे होतात आणि पुढे महिनोन्महिने फुटत नाहीत.

बाहेरची माती आणणे अटळ असते ते बांधकामानंतरच्या जागेत, जिथे वरचा थर खरवडून गेलेला असतो आणि खाली मुरूम, खडी व चुन्याचे तुकडे उरतात. अशा ठिकाणी हिरवळीसाठी बसल्यानंतर किमान १० ते १५ सेंटिमीटर चांगली माती राहील इतका थर हवा, आणि सैल माती पाण्याने बसते म्हणून थोडी जास्तच धरावी. परंतु घट्ट झालेल्या जमिनीवर नवी माती नुसती ओतू नये. दोन भिन्न पोतांच्या थरांमध्ये रेघ मारल्यासारखी सीमा राहिली की पाणी तिथे अडते आणि मुळेही तिथेच थबकतात. आधी खालची जमीन खणून मोकळी करावी, नव्या मातीचा पहिला पातळ थर तिच्यात मिसळावा आणि मग उरलेली माती घालावी.

आणलेल्या मातीचा सर्वांत मोठा धोका तणांचा आहे. मी एकदा दिसायला सुरेख, भुसभुशीत माती न तपासता पसरली आणि गवताच्या बियांना कोंब फुटण्याआधीच सगळीकडे लव्हाळ्याची पाती उभी राहिली. जमिनीखालच्या गाठींपासून ते पुन्हा पुन्हा येत राहिले. वाफ्यातून लव्हाळा खणून काढता येतो, कोवळ्या हिरवळीतून काढता येत नाही. तेव्हापासून सगळी माती घेण्याआधी मी तिचा नमुना आणून पसरट ट्रेमध्ये दोन-तीन आठवडे ओला ठेवतो आणि त्यातून काय उगवते ते पाहतो. वाळलेल्या मातीवर पांढरट पापुद्रा दिसला तर क्षारांची शंका घ्यावी. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर बहुतेक गवते आणि बहुतेक बागायती झाडे समाधानी असतात.

तयार मिश्रणाबद्दल थोडक्यात सांगता येते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट आणि तत्सम हलक्या पदार्थांचे हे मिश्रण कुंड्यांसाठी बनवलेले असते आणि तिथे ते उत्तम काम करते. लहान उंच वाफ्यातही मातीबरोबर मिसळून वापरता येते. हिरवळीचा पाया म्हणून ते चुकीचे आहे, कारण ते आकसते, खचते आणि पायांखाली टिकत नाही. पेरलेल्या बियांवर चाळून घालायचा अगदी पातळ थर, एवढाच त्याचा हिरवळीत उपयोग.

हिरवळीसाठी यापैकी कोणतीही वाट धरली तरी पेरणीआधी मातीचा पृष्ठभाग सारखाच तयार करावा लागतो, कारण गवताचे बी फार बारीक असते आणि मोठ्या ढेकळांमध्ये पडलेले बी एकतर खोल जाते किंवा उघड्यावर सुकते. दाताळ्याने जमीन सपाट करावी, पाणी देऊन बसू द्यावी, खळगे भरावेत आणि त्यावर चालून पाहावे. पाऊल घोट्याकडे रुतत असेल तर माती अजून सैल आहे. ठसा साधारण १ सेंटिमीटर खोल उमटत असेल तर पेरणीला हरकत नाही. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. रायग्रास ५ ते १० दिवसांत उगवते, हरळीला १ ते ३ आठवडे लागतात आणि केंटकी ब्लूग्रासला २ ते ४ आठवडेही लागू शकतात. तोपर्यंत वरचा थर दिवसातून दोन-तीनदा हलक्या फवाऱ्याने ओला ठेवावा. चिकणमातीवर या काळात जोराचे पाणी पडले तर पापडी धरते आणि कोंब खालीच अडकतात, म्हणून त्यावर चाळलेल्या कंपोस्टचा अगदी पातळ थर पसरून मगच पाणी सुरू करावे.