पाच भागांचं हीटर किट: ड्रम फिरतो, पण ड्रायर तापत नाही तेव्हा

अमेरिकी घरांतल्या व्हर्लपूलच्या, विजेवर चालणाऱ्या कपडे वाळवायच्या ड्रायरसाठी पाच भागांचं एक किट मिळतं. त्यात २७९८३८ क्रमांकाचा हीटर, ३९७७७६७ हा हाय-लिमिट थर्मोस्टॅट, ३९७७३९३ हा थर्मल कटऑफ, ३३८७१३४ हा सायकलिंग थर्मोस्टॅट आणि ३३९२५१९ हा थर्मल फ्यूज असतो. हे भाग मूळ कंपनीचे नसतात, त्याच क्रमांकांना पर्याय म्हणून इतरांनी बनवलेले असतात. ज्या ड्रायरची लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंच्या भुग्याची) जाळी वरच्या पत्र्यातून ओढून काढतात आणि ज्याची मागची पाठ स्क्रू काढून पूर्ण उघडते, त्यात हे किट बसतं. केनमोर, रोपर या नावांनी विकलेले बरेच ड्रायरही आतून तेच असतात. जाळी दाराच्या तोंडाशी असेल तर हीटर वेगळा, आणि गॅसच्या ड्रायरला तर हा हीटर लागतच नाही. म्हणून मागवण्याआधी दाराच्या आतल्या चौकटीवरचा मॉडेल क्रमांक ताडून पाहा.

किट घेण्यासारखं आहे. पण पाच भाग मिळाले म्हणून पाचही बदलायचे, ही समजूत चुकीची आहे, आणि या किटबद्दलच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. नवा हीटर बसवला तरी तापत नाही, किंवा तापला आणि दोन महिन्यांत पुन्हा थंड पडला, या दोन्ही तक्रारींत दोष सहसा भागाचा नसतो. पहिल्यात बिघाड दुसरीकडेच असतो. दुसऱ्यात हवेची वाट तुंबलेली तशीच राहिलेली असते.

आधी कोणता भाग काय करतो ते पक्कं समजून घ्या. हीटर २४० व्होल्टवर ५४०० वॉटचा आहे, म्हणजे साधारण २२.५ अँपिअर ओढतो. सायकलिंग थर्मोस्टॅट पंख्याच्या घरावर बसतो आणि बाहेर जाणारी हवा सुमारे ६८ अंश सेल्सिअसला पोचली की हीटर तोडतो, थोडी निवली की पुन्हा जोडतो. रोजचं काम त्याचं. हाय-लिमिट हीटरच्या पेटीवर असतो आणि सुमारे १२१ अंशांना तोडतो. तोही निवल्यावर आपोआप जुळतो. कटऑफ त्याच पेटीवर असतो, तो सुमारे १७८ अंशांना एकदाच उडतो आणि परत कधीच जुळत नाही.

राहिला तो पांढरा, लांबट थर्मल फ्यूज, आणि सगळ्यात जास्त गफलत होते ती याच्याचबाबत. तो पंख्याच्या घरावर असतो आणि सुमारे ९१ अंशांना उडतो. नाव फ्यूज असल्यामुळे ड्रायर तापेना की लोक आधी हाच बदलतात. पण या बनावटीच्या बहुतेक विजेच्या ड्रायरमध्ये तो मोटरच्या वाटेत असतो. तो उडाला तर बटण दाबूनही ड्रम हलणारच नाही. ड्रम फिरतोय आणि हवा गार येतेय, याचा अर्थ तो शाबूत आहे. अशा वेळी संशय घ्यायचा तो हीटरच्या पेटीवरच्या कटऑफवर.

किट उघडण्याआधी पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टी उरकून घ्या. डायल बिनउष्णतेच्या हवेवर तर नाही ना ते पाहा. मग पॅनेलमधला ड्रायरचा दुहेरी ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. मोटर १२० व्होल्टवर चालते, हीटरला मात्र दोन्ही लाइव्ह तारा लागतात. ब्रेकरची एकच बाजू गेली, किंवा प्लगजवळची एक तार सैल होऊन जळली, तर ड्रम ऐटीत फिरतो, दिवा लागतो आणि कपडे ओलेच राहतात. अशा ड्रायरवर या किटमधला एकही भाग उपयोगी नाही. ज्यांना चालू वीज मोजायची सवय आहे त्यांनी मागच्या टर्मिनल ब्लॉकवर दोन टोकांच्या तारांमध्ये २४० व्होल्ट येतात का ते बघावं. ज्यांना ती सवय नाही त्यांनी ते इलेक्ट्रिशियनवर सोपवावं, यात कमीपणा काही नाही. काही मोठ्या इमारतींत तिथे २०८ व्होल्टच येतात. तेव्हा तोच हीटर सुमारे ४०५० वॉट देतो, म्हणजे उष्णता पाव हिश्श्याने कमी. कपडे वाळायला वेळ लागतो एवढाच त्याचा अर्थ, हीटर बिघडलेला नसतो.

आता मीटर, म्हणजे ओहम मोजणारा मल्टिमीटर. किटसोबत तो येत नाही, पण त्याच्याशिवाय हे काम म्हणजे अंधारात दगड मारणं. प्लग काढा, ड्रायर पुढे ओढा, मागची पाठ उतरवा. स्क्रूंना पाव इंची नट ड्रायव्हर लागतो. तारा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. मागून पाहताना उजवीकडे उभी पत्र्याची पेटी दिसते, तोच हीटर. भाग मोजताना त्याची निदान एक तार तरी सोडवा, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने वळसा घालून आलेला आकडा दाखवेल.

हीटरच्या दोन टोकांत १० ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली. एवढ्यावर थांबू नका. मीटरचं एक टोक हीटरच्या पात्यावर (जिथे तार खोचतात) आणि दुसरं पेटीच्या पत्र्यावर, घासून स्वच्छ केलेल्या जागी धरा. तिथे काहीही आकडा येता कामा नये. आला तर कॉइल लोंबून पत्र्याला टेकली आहे. अशी कॉइल थर्मोस्टॅटने वाट तोडली तरी अर्थिंगमधून तापत राहू शकते. कपडे करपवणारा ड्रायर तो हाच, आणि तो एक दिवसही चालवू नये.

कटऑफ आणि हाय-लिमिट खोलीच्या तापमानाला जवळजवळ शून्य ओहम दाखवतात. सायकलिंग थर्मोस्टॅटला चार पाती असतात: दोन मोठी, दोन लहान. मोठ्या जोडीत शून्य हवं. लहान जोडी आतल्या छोट्या हीटरची आहे, तिथे हजारो ओहम दिसतात, आणि ते बरोबर आहे. ते पाहून भाग खराब म्हणून फेकू नका.

हे सगळं ठीक निघालं तर बिघाड किटच्या बाहेर आहे: टायमरमधला हीटरचा संपर्क, किंवा मोटरवरचा सेंट्रिफ्युगल स्विच. मोटरने वेग घेतल्यावरच हा स्विच हीटर जोडतो. त्याची टोकं जळली तर ड्रम फिरतो आणि हीटरला वीज पोचतच नाही.

बसवायला तासभर पुरतो. पेटी वरच्या पट्टीच्या एका स्क्रूवर धरलेली असते, पट्टी काढली की पेटी सुटून हाती येते. हीटरचा स्क्रू काढून तो खालून सरकवत बाहेर ओढा. हातमोजे घालाच, किटमधल्या हीटरच्या पत्र्याच्या कडा मूळ भागापेक्षा धारदार असतात. नवा हीटर आत घालण्याआधी उजेडात धरून कॉइल शेवटपर्यंत न्याहाळा. पांढऱ्या चिनी मातीच्या प्रत्येक आधारात ती नीट बसलेली हवी, दोन वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. प्रवासात दणका बसून एखादा आधार तडकलेला असू शकतो. तसा निघाला तर परत पाठवा, चिकटवून बसवू नका. सगळे भाग बसवण्याआधीच मीटरवर तपासा. थर्मोस्टॅटच्या टोपीवरचे शिक्केही वाचा: हाय-लिमिटवर एल २५०, सायकलिंगवर एल १५५. हे फॅरेनहाइटचे आकडे आहेत. पाती सोडली तर दोन्ही दिसायला सारखेच, आणि अदलाबदल झाली तर ड्रायर एक तर कोमट राहतो, नाहीतर भलताच तापतो.

किटची उणी बाजू आहे ती पात्यांची. मूळ भागांच्या मानाने ती किंचित पातळ असतात आणि तारांच्या टोकांची जुनी टोपणं त्यावर ढिली बसतात. बावीस अँपिअर वाहणाऱ्या जोडाला ढिलेपणा अजिबात चालत नाही. जोड तापतो, प्लॅस्टिक तपकिरी होतं, तांबं काळं पडतं आणि शेवटी पातं वितळतं. टोपण सुटं करून पक्कडीने हलकं दाबा आणि पुन्हा घाला. सहज सरकलं तर समाधान मानू नका, ओढताना जोर लागला पाहिजे. तपकिरी झालेलं टोपण कापून उष्णता सोसणारं नवं टोपण तारेवर दाबून घट्ट बसवा (क्रिंप करा). किटमध्ये अशी दोन टोपणं दिली असती तर त्या पाचव्या भागापेक्षा, म्हणजे पांढऱ्या फ्यूजपेक्षा, जास्त कामाला आली असती.

कोणता भाग बदलायचा? कॉइल तुटली किंवा पत्र्याला टेकली असेल तर हीटर. कटऑफ उडाला असेल तर कटऑफ आणि हाय-लिमिट दोन्ही, जोडीनेच. कटऑफ १७८ अंशांपर्यंत पोचला याचा अर्थ हाय-लिमिटने १२१ ला आपलं काम केलं नसावं, त्याच्यावर पुन्हा भिस्त ठेवू नये. कंपनीही हे दोन भाग २७९८१६ या क्रमांकाखाली एकत्रच देते. सायकलिंग थर्मोस्टॅट आणि पांढरा फ्यूज मोजून चांगले निघाले तर मूळचेच राहू द्या, ते किटमधल्यांपेक्षा सरसच असतात. आणि कटऑफला वळसा घालून तार जोडण्याचा सल्ला कुणीही दिला तरी तो ऐकू नका. चाचणीपुरतासुद्धा नाही. लिंट पेटायला वेळ लागत नाही.

कटऑफ उडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे तुंबलेली हवेची वाट, आणि किटच्या कागदावर त्याबद्दल एक ओळही नाही. ही या किटची खरी त्रुटी. हवा पुढे सरकली नाही की हीटरची पेटी तापत जाते, हाय-लिमिट दिवसभर उघडझाप करत थकतो आणि एक दिवस चिकटून बसतो. पुढचं काम मग कटऑफला करावं लागतं. लक्षण ओळखायला सोपं आहे: कपडे हाताला गरम लागतात, पण ओलसरच असतात.

पाठ उघडी आहेच तर पंख्याच्या घरातली आणि जाळीखालच्या नळीतली लिंट व्हॅक्यूमने काढा. जाळी बेसिनमध्ये आडवी धरून तिच्यावर पाणी ओता. पाणी सरळ आरपार गेलं तर ठीक. तळ्यासारखं साचून राहिलं तर कपडे मऊ करणाऱ्या शीटचा न दिसणारा मेणचट थर जाळीवर बसला आहे. साबणाचं कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन तो घासून काढा. मग भिंतीमागची नळी. ती चार इंची, गुळगुळीत धातूची असावी. प्लॅस्टिकची किंवा पातळ फॉइलची सुरकुतलेली नळी असेल तर ती काढून टाका, तिच्या प्रत्येक घडीत लिंट अडकते. अमेरिकी निवासी बांधकाम संहितेत या नळीची लांबी ३५ फुटांची धरली आहे आणि नेहमीच्या चार इंची काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा होतात. तीन वळणं असतील तर हाती २० फूटच उरतात. नळीच्या जोडांना आत घुसणारे लांब स्क्रू नकोत, बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी नको. ड्रायर चालू असताना बाहेरची झडप पूर्ण उघडते का ते स्वतः बाहेर जाऊन पाहा.

सगळं जोडून झाल्यावर ड्रायर भिंतीला टेकवताना नळी चेपणार नाही याची काळजी घ्या. दोन ओले टॉवेल टाकून चालवा. क्लॅम्प मीटर असेल तर मागची पाठ लावण्याआधी हीटरच्या एका तारेभोवती तो लावून ठेवा आणि आकडा उघड्या तारांपासून लांब उभं राहून वाचा: २२ अँपिअरच्या आसपास, काही मिनिटांनी शून्य, मग पुन्हा २२. हा शून्य सायकलिंग थर्मोस्टॅटने आणला की हाय-लिमिटने, ते बाहेरच्या झडपेशी धरलेल्या थर्मामीटरवरून कळतं. तिथली हवा ६० अंशांच्या पुढे-मागे असताना हीटर बंद पडला तर काम झालं. बाहेर हवा कोमट, झुळूक दुबळी आणि तरीही हीटर दर दोन मिनिटांनी तुटत असेल तर नळी अजून तुंबलेलीच आहे, आणि नवा कटऑफही फार काळ टिकणार नाही.