झेड ५० असताना झेड ५ घेतला: नऊ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये, पालख्या पुण्यात यायच्या आठवडाभर आधी, मी सेकंडहँड निकॉन झेड ५ हा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणारी चिप) कॅमेरा घेतला. ७२ हजार, नुसती बॉडी, लेन्स वेगळी. आधीचा, लहान सेन्सरचा झेड ५० एक्सचेंजमध्ये द्यायचा असं घरातून ठरवून निघालो होतो. पण दुकानदाराने त्याचा जो आकडा सांगितला, तो ऐकून कॅमेरा मुकाट्याने पिशवीत टाकला आणि कोथरूडला परत आलो. त्या रागापायी नऊ महिने दोन्ही कॅमेरे घरात राहिले, म्हणून हा अनुभव लिहिता येतोय. विकून मोकळा झालो असतो तर मीही चारचौघांसारखं ‘फुल फ्रेमची गोष्टच वेगळी’ म्हणत फिरलो असतो.

ही जोडी तुलनेला फार सोयीची आहे. कंपनी एक, माउंट (लेन्स बसते ती जागा) एक, मेनू जवळजवळ सारखा, मेगापिक्सेल २०.९ आणि २४.३, म्हणजे तिथेही फारसा फरक नाही. मुख्य फरक सेन्सरच्या आकाराचा. झेड ५ चा सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर, झेड ५० चा २३.५ बाय १५.७ (याला क्रॉप म्हणतात). क्षेत्रफळ सव्वादोन पटींच्या आसपास, म्हणजे एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जरासं जास्त. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, अंधारात ती वाढवली की फोटोत दाणे येतात. माझ्या डोळ्यांना झेड ५० ची आयएसओ ३२०० ची फाइल आणि झेड ५ ची ६४०० ची फाइल सारखीच दिसते. पैसे मोजले ते एवढ्यासाठी.

‘फुल’ या शब्दाने मात्र उगाच न्यूनगंड येतो. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून ऑस्कर बर्नाकने छोटा कॅमेरा बनवला, १९२५ मध्ये तो लायका म्हणून बाजारात आला आणि ते माप रूढ झालं. बाबांना झेड ५ कौतुकाने दाखवला तर म्हणाले, “म्हणजे आमच्या यशिकाएवढाच ना रे?” तेवढाच. त्यांच्या फिल्मवाल्या यशिकाला कुणी फुल म्हणत नव्हतं, नुसता कॅमेरा म्हणायचे.

लेन्स म्हणून मी झेड ५ बरोबर सेकंडहँडच २४-२०० मिमी झूम घेतली. एकाच लेन्समध्ये सगळा प्रवास, असा हिशोब. चूक इथे झाली, पण ती कळायला गणपती उजाडले.

पहिला वापर वारीत. दिवे घाटाच्या चढावर उन्हं वर आली होती, भगव्या पताका, धूळ, प्रकाश भरपूर. फोटो उत्तम आले. घरी येऊन झेड ५० वर काढलेल्या मागच्या वर्षीच्या फोटोंशेजारी ठेवले आणि बायकोला म्हटलं, ओळख बघू यंदाचे कुठले. तिने वारकऱ्यांच्या चपलांवरून ओळखायचा प्रयत्न केला. फरक पडला तो वेगळ्याच बाजूने. झेड ५० वर १६-५० मिमीची छोटी लेन्स लावली की कॅमेरा बिस्किटाच्या पुड्याएवढा दिसतो, कुणी लक्ष देत नाही. २४-२०० बाहेर ओढली की ती चांगली लांब होते. एक आजी थांबून म्हणाल्या, “माउली, उद्या पेपरात येनार का आमी?” आणि डोक्यावरचा पदर नीट करून उभ्या राहिल्या. फोटो छान आला, पण मला हवा होता तो क्षण गेला. पेपरवाला नसल्याचं सांगितल्यावर त्यांची निराशा झाली ती वेगळीच.

जुलैत राजगड. गुंजवण्यातून चोरदरवाज्याने. इथे वजनाबद्दल बोलायलाच हवं, कारण कागदावर ते अगदीच किरकोळ वाटतं. झेड ५० बॅटरी-कार्डासह ४५० ग्रॅम, १६-५० ही १३५ ग्रॅमची, ५०-२५० ही ४०५ ची. सगळं मिळून किलोच्या आत, आणि पल्ला ३५ मिमीच्या, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबात (क्रॉपवर लेन्सचे आकडे दीडपट धरायचे) २४ पासून ३७५ पर्यंत. झेड ५ ६७५ ग्रॅम, २४-२०० ५७० ग्रॅम. सव्वा किलो होतं आणि पल्ला २०० वर संपतो. पाव किलोने काय होतं, असं मीही म्हणायचो. पाव किलो पाठीवर असेल तर काहीच होत नाही. गळ्यात असेल आणि रेलिंग धरून ओल्या कातळावरून चढायचं असेल, तर कॅमेरा दर पावलाला एकदा छातीवर आणि एकदा खडकावर आपटतो. मग माणूस तो सॅकमध्ये ठेवतो. सॅकवर रेनकव्हर. एकदा रेनकव्हर चढलं की कॅमेरा थेट पद्मावती माचीवरच बाहेर निघतो. त्या दिवशी वाटेतले माझे सगळे फोटो फोनमधले आहेत. झेड ५० असता तर तो विंडचीटरच्या आत, लेन्सवर धुतलेली दुधाची पिशवी आणि रबर, असा नेहमीसारखा गेला असता.

पावसाचाच विषय निघालाय तर सांगतो. त्या ट्रेकला ५०-२५० सॅकच्या तळाशी तशीच राहिली. ऑगस्टमध्ये काढून बघितली तर आतल्या काचेवर बुरशीचं कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं नक्षीकाम. साफ करून घेतली, खर्च झाला, अजूनही एक डाग आहे. पुण्याच्या पावसाळ्यात कॅमेरा कपाटात बंद करून ठेवू नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. बुरशी सेन्सरचा आकार बघत नाही.

कासला सप्टेंबरमध्ये एक गंमत झाली. तेरड्याचा गुच्छ अगदी लेन्सजवळ, मागे डोंगर, दोन्ही स्पष्ट हवेत. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान, प्रकाश कमी आणि स्पष्ट भाग जास्त. झेड ५० वर एफ/८ ला जेवढं फोकसमध्ये येतं, तेवढ्यासाठी झेड ५ वर एफ/११ च्याही थोडं पुढे जावं लागतं. वाऱ्याने फूल हलतंय, त्यामुळे शटर स्पीड कमी करता येत नाही. मग आयएसओ वाढवायचा. म्हणजे मोठ्या सेन्सरने जो स्टॉप दिला तो ॲपर्चरने काढून घेतला. दोन्ही फाइलींत नॉइज (दाणे) सारखा! लँडस्केपवाल्यांनी ट्रायपॉड नेला तर गोष्ट वेगळी, पण फिरस्तीत किती जण ट्रायपॉड नेतात?

आता अंधाराकडे येतो, कारण फुल फ्रेम घ्यायचं माझं कारण तेच होतं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रोडला दोन्ही कॅमेरे घेऊन गेलो. झेड ५ ला २४-२००. ही लेन्स एफ/४ ला सुरू होते आणि जरा झूम केलं की ६.३ कडे पळते. ताशाची काडी थोडीफार तरी थांबवायची तर शटर १/२५० खाली आणता येत नाही. कॅमेऱ्याने आयएसओ २५६०० गाठला आणि पुढेच जात राहिला. ताशेवाल्यांचे चेहरे मेणाचे आणि गुलाल चिखलासारखा. मित्राकडून मी झेड ५० साठी २४ मिमी एफ/१.७ ही छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स) एका रात्रीपुरती आणली होती. ती लावली आणि त्याच जागेवरून आयएसओ ५००० च्या आसपास काम झालं. क्रॉप कॅमेरा, त्यावर माझ्या नव्या बॉडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात येणारी लेन्स, आणि फोटो फुल फ्रेमपेक्षा स्वच्छ. अलका चौकात पहाटे चहा पिताना मित्र काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

हिशोब सोपा आहे, मीच आधी केला नव्हता. क्रॉपवरचं एफ/१.७ म्हणजे एकूण प्रकाशाच्या दृष्टीने फुल फ्रेमवरचं साधारण एफ/२.५. फुल फ्रेमवर एफ/५ ची झूम लावून बसलं की सेन्सरचा सगळा फायदा उधळून वर नुकसान. बजेट एकच असेल आणि बॉडी घेऊन झाल्यावर लेन्ससाठी पैसे उरणार नसतील, तर फुल फ्रेम घेऊ नका. मी हे ठामपणे सांगतोय कारण मी नेमकं तेच केलं होतं.

त्यानंतर झेड ५ साठी ४० मिमी एफ/२ घेतली. १७० ग्रॅमची प्लास्टिकची डबी, पण कॅमेरा बदलल्यासारखं वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत ती घेऊन अजिंठ्याला गेलो. (सोमवारी लेणी बंद असतात. वेरूळ मंगळवारी. दोन्ही एकाच दौऱ्यात करणाऱ्यांनी वार बघून निघावं, आम्ही बघितला नव्हता.) फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून पुढे एसटीच्या बसने. आत फ्लॅश चालत नाही, आणि चालू नयेच. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर डोळे सरावायलाच दोन मिनिटं लागतात.

हा अंधार लक्ष्मी रोडच्या अंधारासारखा नाही. तिथे समोरचं हलत होतं, इथे बोधिसत्त्व काही हलत नाही. हलतो तो आपला हात. झेड ५ च्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरायची सोय) आहे, त्यामुळे ते ४० मिमीलाही मिळतं. एफ/२, १/१० सेकंद, आयएसओ १६००, श्वास रोखून तीन फोटो, त्यातले दोन धारदार. कमळ धरलेली बोटं, मुकुटावरची नक्षी, रंगाचे उडालेले पोपडे, सगळं. झेड ५० मध्ये बॉडी स्टॅबिलायझेशन नाही. १६-५० मध्ये स्वतःचं आहे, पण तिचं ॲपर्चर लहान. मित्राची ती एफ/१.७ घेतली तर तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. अजिंठ्यात मला पहिल्यांदा ७२ हजार वसूल झाल्यासारखे वाटले. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातला मोठा वाटा स्टॅबिलायझेशनचा आहे, सेन्सरच्या आकाराचा त्याहून कमी. बॉडी स्टॅबिलायझेशन असलेले क्रॉप कॅमेरेही मिळतात. लेणी-मंदिरांचं वेड असेल तर ‘क्रॉप की फुल’ विचारण्याआधी हे विचारा.

जानेवारीत भिगवण. कुंभारगावहून होडीने उजनीच्या पाण्यात, रोहित (फ्लेमिंगो) बघायला. इथे झेड ५ बिचारा हात चोळत बसला. २०० मिमीला रोहित म्हणजे गुलाबी ठिपके. क्रॉप मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं) चालू करता येतो, पण मग २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. झेड ५० ला डागाळलेली ५०-२५० लावली, सेकंदाला ११ फ्रेम, आणि थवा उठला तेव्हा काम झालं. झेड ५ सेकंदाला साडेचार फ्रेम काढतो. त्याच्यावर तेवढाच पल्ला हवा असेल तर आणखी एक मोठी लेन्स, आणखी पैसे, आणखी वजन. होडीवाले काका म्हणाले, “सर, छोट्यानंच काढा.”

किरकोळ गोष्टी भराभर. झेड ५ टाइप सी केबलने, फोनच्या पॉवर बँकवर चार्ज होतो. झेड ५० ला जुनी मायक्रो यूएसबी लागते, जी आता ऐनवेळी कुणाकडेच नसते. झेड ५ ची बॅटरी बरीच जास्त टिकते, आणि दोन कार्डं बसतात, लग्नाकार्याला गेलं की जिवाला शांतता. झेड ५० मध्ये सेन्सर आपोआप साफ व्हायची सोय नाही, आकाशात ठिपके दिसायला लागतात. फोरके व्हिडिओत मात्र गंमत आहे. झेड ५ फोरकेला १.७ पट क्रॉप करतो आणि झेड ५० पूर्ण रुंदी वापरतो. फुल फ्रेम घेऊन व्हिडिओ क्रॉपमध्ये!

आईच्या घरी भिंतीवर लावायला डिसेंबरमध्ये १२ बाय १८ इंचांच्या सहा प्रिंट काढल्या. झेड ५० ची फाइल ५५६८ बाय ३७१२ पिक्सेल असते, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हा आकार बरोबर भरतो. सहापैकी चार झेड ५० च्या आहेत. आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी ओळखलं नाही. एका काकांनी विचारलं ते फ्रेम कुठे करून घेतली.

नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्यांनी मला विचारलं तर: घरच्यांबरोबर दिवसा फिरणं, गड, समुद्र, थोडे पक्षी असं असेल तर क्रॉप घ्या आणि उरलेल्या पैशांत एक उजेडी प्राइम घ्या. रात्रीच्या मिरवणुका, देवळांचे गाभारे, लेणी हेच तुमचं फिरणं असेल आणि दोन चांगल्या लेन्सचे पैसे बाजूला असतील, तर फुल फ्रेम जरूर. मधल्या लोकांची अडचण मला समजते, मी त्यातलाच आहे, पण माझ्याकडे त्यावर उपाय नाही.

पुढच्या आठवड्यात हंपी. झेड ५ ला ४० मिमी लावून ठेवली आहे, विठ्ठल मंदिराच्या मंडपांसाठी. मातंग टेकडीवर झेड ५० नेईन. २४-२०० विकायला काढली आहे. काच स्वच्छ आहे, मागची टोपी हरवली आहे, आणि भावात घासाघीस करणाऱ्यांनी दुपारी एक ते चार फोन करू नये.