बोकडाचं हृदय की सिलिकॉनची नळी?

सीव्हीटीएसला, म्हणजे हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियेच्या विभागात, नुकताच लागलेला ज्युनिअर विचारत होता, ‘सर, अ‍ॅनास्टोमोसिसचा सराव कशावर करू?’ म्हणजे रक्तवाहिन्या एकमेकींना टाक्यांनी जोडायचा सराव.

खर्चाचं पाहिलं तर बोकडाचं हृदय स्वस्त. पुण्यात कॅम्पात शिवाजी मार्केटला सकाळी लवकर जायचं आणि ‘दिल’ मागायचं, नाहीतर कलेजी हातात पडते. सिलिकॉनची नळी महाग, पण टाके घातलेलं टोक कापलं की पुन्हा वापरता येते.

कटकट हृदयाचीच. होस्टेलच्या फ्रिजवरून रूममेटशी भांडण ठरलेलं, आणि ते एकाच बैठकीत संपवावं लागतं.

पण खरा फरक हाताला कळतो. सिलिकॉनमध्ये सुई अडकत अडकत जाते, आणि त्याला थर नसतात. खऱ्या कोरोनरीत (हृदयाच्या स्वतःच्या धमनीत) टाक्यातून आतला थर सुटला, सात-शून्य प्रोलीन (टाक्यांचा अगदी बारीक धागा) जरा जास्त ओढलं, की भिंत चिरते. मागच्या भिंतीत सुई गेली तर शेवटी सिरिंजने सलाइन सोडल्यावर कळतं: पुढे जातच नाही. टाके विरळ पडले असतील तर बाजूने थेंब येतात.

लूप्समधून (भिंगाच्या चष्म्यातून) सुई धरायची, मनगट वळवायची सवय नसेल तर महिनाभर रोज रात्री नळीच. हात बसलाय, आता ऑपरेशन थिएटरमध्ये टाका घालायला मिळावा असं वाटतंय, तर रविवारी मार्केट गाठ.