‘ट्रान्सफॉर्मर गेलाय’ : जुना ऑसिलोस्कोप घेताना झालेली फसवणूक

जुना, सीआरटीवाला (काचेच्या पिक्चर ट्यूबचा) ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, घ्यायच्या विचारात असाल आणि विकणारा "सगळे कॅपॅसिटर नवीन टाकलेत, पीस एकदम ओके आहे" असं सांगत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे साडेनऊ हजार यात अडकलेत, आणि पंढरपूरच्या एका परिचिताचे त्याहून जास्त. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण त्याची पद्धत लिहिण्यात काही अडचण नाही आणि ती सगळ्यांना कळायलाच हवी.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागांची आणि जकार्डची (नक्षी विणणाऱ्या यंत्राची) कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो. दुकान एकट्याचं, पोट त्याच्यावरच. कार्डातला बिघाड बऱ्याचदा सप्लायच्या बाजूलाच सापडतो आणि त्यासाठी ३५ मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा अॅनालॉग स्कोप भरपूर होतो. नवा डिजिटल घ्यायचा तर वीस-पंचवीस हजार मोजावे लागतात. पुण्यातल्या एका जुन्या उपकरणांच्या व्यापाऱ्यानं ऐंशीच्या दशकातला जपानी स्कोप दाखवला. व्हिडिओत बारीक, झळझळीत ट्रेस (पडद्यावरची रेषा), कॅलिब्रेटरची (तपासणीसाठी स्कोप स्वतःच देतो ती) चौकोनी लहर अगदी सरळ. "एक महिना गॅरंटी, काही झालं तर मी बसलोय," असा त्याचा मेसेज माझ्याकडं अजून आहे. पैसे यूपीआयनं घेतले, पार्सल ट्रॅव्हल्सनं आलं. खोक्यात बिल होतं आणि त्यावर छापलेलं होतं: जुना माल, जसा आहे तसा, गॅरंटी नाही. मेसेजमध्ये एक आणि कागदावर दुसरंच, आणि कागद पैसे मिळाल्यावरच हातात येतो.

स्कोप चालू केला की पहिली काही मिनिटं छान चालायचा. मग ट्रेस जाड व्हायला लागायचा. संध्याकाळी लाइटीचा दाब उतरला की तर रेषा चक्क लाटा मारायची. दोन्ही चॅनेलचं इनपुट ग्राउंडला टाकलं तरी लाटा तशाच. म्हणजे हे बाहेरून येत नव्हतं, स्कोपच्या पोटातून येत होतं.

इथं एक सोपी तपासणी आहे, ती कुठलंही दुसरं यंत्र न लागता होते. ट्रिगर सोर्स ‘लाइन’वर ठेवायचा, म्हणजे रेषा मेन्सच्या (घरच्या विजेच्या) तालावर सुरू होते, आणि टाइमबेस ५ मिलिसेकंदावर, म्हणजे पडद्यावरचं एक घर ५ मिलिसेकंदाचं. लाट जागच्या जागी थांबली तर ती मेन्समधूनच आलेली. दर दोन घरांना एक उंचवटा असेल तर १० मिलिसेकंद, म्हणजे १०० हर्ट्झ: ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) शाबूत आहे, पण पुढचा फिल्टर कॅपॅसिटर (वीज साठवून दाब सपाट ठेवणारा) कामाचा नाही. चार घरांना एक असेल तर २० मिलिसेकंद, ५० हर्ट्झ: ब्रिजमधला डायोड ओपन, म्हणजे आतून तुटलेला, असू शकतो. माझ्याकडं दर दोन घरांना एक. फिल्टरच.

त्याला फोन केला. लक्षण पुरतं ऐकूनही न घेता म्हणाला, "साहेब, ट्रान्सफॉर्मर गेलाय. तुमच्याकडं लाइट कमी-जास्त होते, त्यानं गेला. साडेतीन हजार पाठवा, ओरिजिनल बसवून देतो." पुढं हेही म्हणाला की झाकण उघडू नका, उघडलं की गॅरंटी संपली. बिलावर जी गॅरंटीच नव्हती ती संपायची भीती त्यानं मला घातली. ट्रान्सफॉर्मरचं नाव घेण्यामागं हिशोब असतो. जुन्या स्कोपचा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळत नाही, त्यामुळं किंमत तो सांगेल ती, आणि बसवला का नाही हे गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही.

ट्रान्सफॉर्मर चांगला की वाईट हे घरी ठरवता येतं. सेकंडरीच्या (पुढं दाब देणाऱ्या गुंडाळीच्या) वायरी रेक्टिफायरपासून सोडवायच्या आणि प्राथमिक (मेन्सच्या) बाजूला ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून प्लग घालायचा. बल्ब जेमतेम लालसर झाला किंवा पेटलाच नाही, तर गुंडाळी बरी आहे. भक्क पेटला तर आत शॉर्ट. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, आणि साधा तारेचा बल्ब आता हिंडूनच मिळतो. मिळाला की दोन-चार घेऊन ठेवा. माझा बल्ब अंधारात बघावा लागला इतका मंद. प्लग काढून, बल्ब बाजूला करून सरळ मेन्सवर ट्रान्सफॉर्मर तासभर ठेवला: प्रत्येक सेकंडरीचा दाब सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे, हाताला कोमट, गुणगुण नाही. ट्रान्सफॉर्मरला काही झालेलं नव्हतं.

हे सगळं करायच्या आधी मी मोबाइलवर चित्रण सुरू केलं होतं. सील, स्क्रू, आतली प्रत्येक पाटी (सर्किट बोर्ड). ते पुढं फार कामाला आलं.

आता आत काय निघालं ते सांगतो. ज्याला "नवीन टाकलेत" म्हणत होता ते कॅपॅसिटर खरंच नवे दिसत होते. निळं चकचकीत आवरण, नावाजलेल्या कंपनीची छपाई, ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. उणे १२ व्होल्टच्या रेलचा (सप्लायच्या त्या लाइनचा) एक काढून हातात घेतला तर त्या आकाराच्या मानानं तो फारच हलका. मीटरवर हजाराच्याही आत भरला. ब्लेडनं आवरण उभं चिरलं, वरचा अॅल्युमिनियमचा डबा कापला. आत दुसरा, बोटभर कॅपॅसिटर, स्वतःचं वेगळं आवरण घातलेला, १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. त्याचे पाय मोठ्या डब्याच्या बुडातून बाहेर काढून रबरी बूच बसवलेलं. मोठ्या डब्यात राहिलेल्या जागेत काही नाही. बाकीचे सगळे काढले, सगळे तसेच.

यानं काय होतं ते आकड्यांत बघा. त्या रेलवर साधारण अर्धा अँपिअर भार धरला, तर दोन उंचवट्यांच्या मधल्या १० मिलिसेकंदात ४७०० मायक्रोफॅरडवर दाब अंदाजे १ व्होल्ट उतरतो. १००० वर उतरतो ५ व्होल्ट. वर १८ असले तर खाली १३. रेग्युलेटरला (दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाला) १२ द्यायला स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट जादा लागतात, ते १३ मध्ये मिळत नाहीत. म्हणून दर उंचवट्यानंतर रेल घसरते आणि ती घसरण ट्रेसवर चढते. दुपारी २३० चांगले असताना हे भागून जातं, संध्याकाळी दाब उतरला की उघडं पडतं. त्यानं व्हिडिओ काढला तेव्हा स्कोप थंड होता आणि लाइट चांगली होती. एवढ्यावर त्याचा ‘ओके’ उभा होता.

अधिक १२ च्या रेलवर त्याहून वाईट काम होतं. मूळ पास ट्रान्झिस्टर (रेग्युलेटरचा मुख्य करंट वाहणारा) काढून त्या जागी हलका कुठला तरी बसवलेला, तो तापतो म्हणून त्याच्या कलेक्टर-एमिटरवर पांढरा ५ वॉटचा सिमेंट रेझिस्टर आडवा डाकलेला. म्हणजे अर्धाअधिक करंट रेग्युलेटरला वळसा घालूनच जातो आणि भार कमी झाला की रेल वर चढते. मीटरवर ती १३.४ दाखवत होती. याच रेलवर वर्टिकल अॅम्प्लिफायर (लहर वर-खाली हलवणारा भाग) चालतो. त्यातले जुने आयसी गेले तर आज ते मिळत नाहीत आणि चांगला स्कोप भंगारात जातो. ही दुरुस्ती नव्हे. मशीन विकलं जाईपर्यंत टिकावं एवढीच सोय.

आणि मागचा फ्यूज. पॅनेलवर छापलेलं ०.५ अँपिअर, स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसणारा). होल्डरमधून काढला तर काचेचा फ्यूज आतून उडालेला आणि त्याच्या दोन्ही टोपणांवरून तांब्याची तार गुंडाळलेली. हे पाहिलं तेव्हा माझा खरा संताप झाला. कॅपॅसिटरमध्ये पैसे मारले, ठीक, ती चोरी झाली. पण फ्यूजवर तार गुंडाळून ते यंत्र कुणाच्या तरी घरी पाठवायचं, जिथं बाजूला पोरं अभ्यासाला बसलेली असतील, याला माफी नाही.

तुम्ही स्वतः उघडणार असाल तर एक लक्षात ठेवा. सीआरटीच्या बाजूला हजार-दोन हजार व्होल्ट आणि काही स्कोपात त्याच्याही कितीतरी वर असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. साधा मल्टिमीटर तिथं लावायचा नाही. फिल्टर कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करायचे, स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून नाही. आणि अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. स्कोपची बॉडी आणि प्रोबचं ग्राउंड तिथंच जोडलेलं असतं.

पंढरपूरचे परिचित पॉलिटेक्निकला शिकवतात. त्यांनीही याच माणसाकडून असाच स्कोप घेतला होता, त्यांनाही हेच उत्तर: ट्रान्सफॉर्मर गेलाय. त्यांनी चार हजार पाठवले, स्कोपही पाठवला. परत आल्यावर काही दिवस चालला आणि पुन्हा तेच. ते माझ्याकडं घेऊन आले. ट्रान्सफॉर्मरवर ताजं व्हार्निश होतं, वासही येत होता. पट्टीचे स्क्रू काढून उचलला तर खाली पत्र्यावर त्याच आकाराची जुन्या धुळीची कडा, टॅगवर कारखान्यातलं मूळ डाक, आणि व्हार्निशच्या आत अर्धवट दिसणारं मूळ जपानी लेबल. तो जागचा हललाच नव्हता. वरून ब्रश फिरवून चार हजार घेतले होते. सरांच्या स्कोपमधले निळे कॅपॅसिटरही मी चिरले. आत तेच.

एकाच्या बाबतीत चूक म्हणता आली असती. दोन स्कोपांत तेच बनावट कॅपॅसिटर आणि तेच उत्तर, म्हणजे हा धंदाच आहे.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विकणाऱ्याचं उत्तर आलं की माल जुना होता, आणि धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून बरेच जण गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे: स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या पोटासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी आणि सरांनी आपापली तक्रार तयार केली आहे. सोबत मेसेज, बिल, यूपीआयची नोंद, उघडतानाचं चित्रण आणि चिरलेले कॅपॅसिटर पिशवीत बंद करून. पैसे परत मिळतील तेव्हा मिळतील. स्कोप मी चांगले १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे कॅपॅसिटर, योग्य ट्रान्झिस्टर आणि खरा फ्यूज टाकून चालू केलाय. मूळ यंत्र उत्तम आहे, त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

घेणाऱ्यांनी विकणाऱ्याकडं एवढं मागावं. स्कोप अर्धा तास चालू ठेवून मग काढलेला व्हिडिओ, एकाही ठिकाणी न तोडलेला. त्यात इनपुट ग्राउंडवर, ट्रिगर ‘लाइन’वर. झाकण काढून सप्लायच्या पाटीचा दोन्ही बाजूंनी फोटो. प्रत्येक रेलचा दाब मीटरवर दाखवलेला, डीसीही आणि एसी रेंजवरही. गॅरंटी बिलावर लिहिलेली, आणि त्या बिलाचा फोटो पैसे देण्याआधी. दुरुस्तीला देत असाल तर काढलेले जुने भाग परत मिळतील हे आधी लिहून घ्या. चांगला दुकानदार या कशालाच नाही म्हणत नाही. पुण्यात असे आहेत, मी त्यांच्याकडून माल घेतलाय.

आणि ज्यांच्याकडं असा स्कोप आधीच येऊन पडलाय, त्यांनी आज प्लग घालायच्या आधी मागचा फ्यूज काढून उजेडात धरून बघा.