कॉलर माइक, फोन आणि फुकटचं सॉफ्टवेअर: घड्याळवाल्या काकांचा व्हिडिओ करून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मी काही व्हिडिओवाली नाही. माझं घड्याळ वर्षानुवर्षं ज्या काकांकडे दुरुस्तीला जातं ते एक दिवस डोळ्याचं भिंग काढत म्हणाले की लोकांना वाटतं हल्ली घड्याळं दुरुस्त होतच नाहीत, बंद पडलं की टाकून द्यायचं, आणि मी फट्कन बोलून बसले, "काका मी करते ना एक छोटा व्हिडिओ तुमच्या दुकानाचा". बोलायला दोन सेकंद लागले, निस्तरायला तीन रविवार गेले. तर ह्यात जे जे सामान वापरलं त्याचा हा रिव्ह्यू, म्हणजे दुसरं कुणी असंच तोंड उघडून बसलं असेल तर त्याचा एखादा रविवार तरी वाचेल.

सामान काय होतं, तर माझा साधा फोन, एक ट्रायपॉड, एक वायरलेस कॉलर माइक (ब्रँड सांगत नाही, बाजारात सगळे सारखेच दिसतात आणि बऱ्यापैकी सारखेच चालतात), एक काळा चार्ट पेपर आणि दाविंची रिझॉल्व्ह ह्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फ्री आवृत्ती. काळा चार्ट पेपर ऐकून हसू नका, पुढे येतंय.

सुरुवात माइकपासून, कारण पहिला रविवार मी माइकशिवाय गेले होते आणि तो अख्खा वाया गेला. फोन दोन हातांवर ट्रायपॉडवर लावला, काका बोलले छान, घरी येऊन हेडफोन लावले तर काकांचा आवाज लांब विहिरीतून आल्यासारखा आणि वर पंख्याची घरघर. आणि टिकटिक! दुकानात उभं असताना ती जाणवत नाही हो, कान सोडून देतात, पण फोन काही सोडत नाही, चाळीसेक घड्याळं एकदम म्हणजे पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं.

बरं, नुसता आवाज असता तरी चाललं असतं. खरी पंचाईत एडिटिंगला बसल्यावर कळली. काका बोलताना मध्ये "म्हणजे काय की" म्हणतात, तेवढं कापायला गेले की मागची टिकटिक पण तिथेच तुटते. भिंतीवरचं घड्याळ सेकंदाला एक ठोका देतं, मी मधले दीड सेकंद कापले की पुढचा ठोका अर्ध्या सेकंदात येतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय झालं ते कळत नसलं तरी काहीतरी अडखळलं हे लगेच कळतं. दुसऱ्या कुठल्याही दुकानात ही चोरी पचली असती. इथे प्रत्येक कट कानाला पकडला जात होता.

ह्यावर उपाय दोन. एक म्हणजे माइक तोंडाजवळ नेणे, अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि पंखा, घड्याळं आहेत तिथेच राहतात, म्हणजे बोलणं वर आणि बाकी सगळं खाली. हे काम कॉलर माइक फुकटात करतो, त्यात त्याची काही हुशारी नाही, तो नुसता जवळ असतो एवढंच. दुसरं म्हणजे कुणीही न बोलता, न हलता दुकानाचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवायचा आणि एडिटिंगमध्ये सगळ्या बोलण्याच्या खाली तो सलग अंथरायचा. वर कितीही कापा, खालची टिकटिक अखंड चालू राहते. हे एक मिनिट माझ्या तिन्ही रविवारांतलं सगळ्यात कामाचं मिनिट, आणि त्यासाठी मला काकांना, त्यांच्या हाताखालच्या मुलाला आणि पट्टा बदलायला आलेल्या एका आजोबांना पुतळ्यासारखं उभं करावं लागलं. आजोबा मिनिटभर श्वास धरून उभे होते. मी म्हटलं होतं बोलू नका, श्वास घ्या.

माइकची तक्रार सांगायची तर त्याच्यावरचं आवाज दाबायचं बटण. नॉइज कॅन्सल चालू झालं की एक बारकी हिरवी लाईट लागते, ती कॉलरच्या आतल्या बाजूला, म्हणजे कुणालाच न दिसणारी. क्लिप लावताना ते बटण दाबलं गेलं आणि दुसऱ्या रविवारचं अर्धं रेकॉर्डिंग काका डब्यात तोंड घालून बोलतायत असं आलं, वर टिकटिक पूर्ण गायब, जी मला हवी होती. त्यामुळे आधी तीस सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मगच पुढे जा. आणि माइक कॉलरला लावू नका, नाव कॉलर माइक असलं तरी. काका काम करताना मान खाली घालतात, हनुवटी थेट माइकवर, खर्र खर्र. शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी लावला आणि प्रश्न मिटला. त्याच्यावर घालायचं ते केसाळ टोपडं दुकानात लागलं नाही, ते बाहेर वाऱ्यासाठी. एकूण माइकला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या हिरव्या लाईटचा कापला.

फोनबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कुठलाही चालेल. फक्त ऑटोवर ठेवू नका. काकांच्या टेबलावरच्या दिव्यात व्हिडिओवर काळे पट्टे सरकत होते, ते दिव्याच्या लुकलुकण्यामुळे, ५० हर्ट्झच्या विजेवर असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आपल्याला दिसत नाही पण शटरला दिसतो. शटर (प्रत्येक चित्र किती वेळात टिपायचं ते) १/५० किंवा १/१०० सेकंदाला लॉक केलं, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे चित्रं ठेवली, पट्टे गेले. (जिथे वीज ६० हर्ट्झ तिथे १/६० नाहीतर १/१२०.) स्लो मोशनचा मोह मात्र सोडावा लागला कारण २४० फ्रेमला अख्खं टेबल धडधडायला लागतं.

आता चार्ट पेपर. घड्याळाची काच जवळून शूट करायला गेलात की काचेत पहिलं कोण दिसतं, तर तुम्ही. माझं कपाळ, फोन आणि मागची ट्यूबलाईट, सगळं डायलवर. फिल्टर वगैरे बघितले, मग काळा चार्ट पेपर घेतला, मध्ये फोनच्या लेन्सएवढं भोक पाडलं आणि त्याच्या आडून शूट केलं. काचेला समोर काळं सोडून काही दिसतच नाही, त्यामुळे डायल स्वच्छ. पाचपैकी पाच, ह्या संपूर्ण सेटअपमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी वस्तू.

पण मी ज्यात खरी फसले ते ह्यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्या रविवारचं फुटेज घेऊन पहिला कट बनवला, मला तर फार आवडला, आणि लॅपटॉप घेऊन दुकानात दाखवायला गेले. काकांनी तीन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे काय, सव्वाअकराचे पावणेपाच कधी झाले?"

मला कळेचना. मग त्यांनी बोट दाखवलं. मागच्या भिंतीवर घड्याळं! काका एकच वाक्य बोलतायत, वाक्याच्या सुरुवातीला मागे सव्वाअकरा, अर्ध्यात पावणेपाच, शेवटी परत बाराला दहा कमी, कारण मी चांगले चांगले तुकडे वेचून जोडले होते. एरवी असल्या व्हिडिओत कोण बघतं मागे, पण घड्याळाच्या दुकानात बघण्यासारखं दुसरं असतंच काय. आणि ज्याच्याकडून घड्याळ नीट करून घ्यायचं त्याच्याच व्हिडिओत वेळ उड्या मारतेय, ह्याहून वाईट जाहिरात मला मुद्दाम ठरवूनसुद्धा जमली नसती.

म्हणून तिसरा रविवार. काका म्हणाले सगळी बंद करू, आणि मग त्यांनी जे केलं ते मी नुसतं बघत बसले. एका मागोमाग एक भिंतीवरची घड्याळं उतरवली, मागचा सेल काढला, काटे दहा वाजून दहावर आणले, परत टांगलं. शोकेसमधल्या मनगटी घड्याळांची किल्ली नखाने बाहेर ओढली, टक्, काटा थांबला, पुढचं. मी विचारलं दहा वाजून दहाच का, तर म्हणाले काटे असे वर असले की कंपनीचं नाव मध्ये मोकळं दिसतं, जाहिरातीत सगळे असंच लावतात, आणि आठ वाजून वीस केलं तर घड्याळ रडल्यासारखं दिसतं. (अॅपल वॉचच्या जाहिराती बघा, तिथे दहा वाजून नऊ मिनिटं असतात.) फक्त एक लंबकाचं जुनं घड्याळ त्यांनी थांबवू दिलं नाही. "ते नाही, ते चालू राहू दे," एवढंच, कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी फ्रेम थोडी डावीकडे सरकवली.

बंद घड्याळांमुळे दुकान इतकं शांत झालं की काकांना बोलायलाच येईना. त्यांना म्हणे सवय नाही शांततेत बोलायची. मी मग आधी रेकॉर्ड केलेलं ते एक मिनिट फोनवर बारीक आवाजात लावलं, ते बोलायला लागले, आणि मी हळूच बंद केलं.

सॉफ्टवेअरबद्दल. रिझॉल्व्हच्या फ्री आवृत्तीत वॉटरमार्क नाही, ३८४० बाय २१६० पर्यंत एक्सपोर्ट होतं, रंग आणि आवाज दोन्हीची वेगळी पानं आहेत, दुकानाच्या व्हिडिओला ह्याचा दहावा हिस्सा पण लागत नाही. व्हिडिओतले दाणे घालवायचं नॉइज रिडक्शन आणि आपोआप सबटायटल्स हे पैसेवाल्या स्टुडिओ आवृत्तीत आहेत, मी हाताने टाईप केली, चाळीस सेकंदांच्या व्हिडिओला असा किती वेळ लागतो. लॅपटॉप मात्र बरा पाहिजे, आणि पहिल्यांदा उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटेल, घाबरू नका, एडिटचं पान सोडून बाकी पहिल्या दिवशी उघडूच नका. एक खबरदारी, फोनचा व्हिडिओ बऱ्याचदा पक्क्या फ्रेम रेटचा नसतो, तो कमीजास्त होतो, आणि लांब क्लिपमध्ये वेगळ्या माइकचा आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. छोट्या छोट्या क्लिप घेतल्या तर हा त्रास जाणवत नाही.

म्युझिकचं सांगते. दुकानाच्या नावाने इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाऊंट काढलं की सगळी गाणी मिळत नाहीत, गाण्यांचे हक्क धंद्यासाठी वेगळे असतात, त्यामुळे ट्रेंडिंग गाण्यावर दुकानाची रील हा विचार सोडा. यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे, मेटाचं साउंड कलेक्शन आहे, मी दोन्ही चाळली आणि काहीच टाकलं नाही. काकांनी एक जुनं किल्लीचं घड्याळ उघडून माइकजवळ धरलं होतं, त्याचा आवाजच घेतला. असली जुनी घड्याळं बहुतेक ताशी १८,००० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला ५, आणि माझा व्हिडिओ २५ फ्रेमचा, बरोबर दर पाचव्या फ्रेमला एक ठोका! प्रत्येक कट ठोक्यावर बसला, असं सुख मला कुठल्या गाण्याने दिलं नसतं. (नव्या २८,८०० वाल्यात सेकंदाला ८ पडतात, ते २५ मध्ये बसत नाहीत, त्याला २४ फ्रेम लागतील.)

आता व्हिडिओत काय दाखवायचं, इथे मी दुसऱ्यांदा आपटले होते. माझा तो पहिला कट दोन मिनिटांचा, काकांचा हात, काकांचा चष्मा, "वेळ म्हणजे काय" असलं काहीतरी बोलणं. घड्याळांच्या वेळेचं तर झालंच, पण काकूंनी पूर्ण बघून विचारलं, "छान आहे गं, पण दुकान किती वाजता उघडतं ते कुठाय?" काहीच नव्हतं. पत्ता नाही, वेळ नाही, काय दुरुस्त होतं नाही. मग काकांना म्हटलं, काउंटरवर लोक रोज काय विचारतात तेवढंच सांगा. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. पाणी गेलं तर काय, सेल किती दिवसांनी बदलायचा, आजोबांचं घड्याळ चालू होईल का. शेवटचा व्हिडिओ ह्या तीन प्रश्नांचाच आहे आणि त्यातलं सगळ्यात चाललेलं वाक्य हे: "बंद पडलं घड्याळ तरी सेल आत ठेवू नका, तो फुटला की मशीन खातो." हे वाक्य बोलताना काका हिरवट पावडर चढलेलं एक मशीन चिमट्याने वर धरतात. मी लिहून दिलेलं एकही वाक्य त्या व्हिडिओत उरलं नाही.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. उभा व्हिडिओ करताना सबटायटल्स अगदी खाली लिहू नका, तिथे ॲपचं नाव, कॅप्शन, बटणं येतात आणि तुमचा फोन नंबर नेमका त्याच्यामागे जातो. आणि दुकानदाराला फाईल व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते.

उपयोग झाला का? गर्दी वगैरे काही नाही झाली, उगाच कशाला सांगू. पण एक बाई बिस्किटाच्या डब्यात भरून सहा जुनी घड्याळं घेऊन आल्या, सगळ्यांतले सेल आतच. एकाने फोन करून विचारलं तो टिकटिकवाला व्हिडिओ तुमचाच का. आणि एक मुलगा फिटनेस बँड दुरुस्त करायला घेऊन आला, त्याला काकांनी चहा पाजून परत पाठवला.

परवा सहज डोकावले दुकानात. काका बाहेर गेले होते, पोरगा होता. सगळी घड्याळं चालू, सगळी एका वेळेला, आणि कोपऱ्यात कॅलेंडरच्या बाजूला एका गोल घड्याळात अजून दहा वाजून दहा. मी पोराकडून एक सेल मागून घेतला, काका यायच्या आत टाकला, काटे जुळवले, परत टांगलं.