वाणाचे पैसे: वॉर्मरला की संशोधनाला?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या साताऱ्यातल्या महिला मंडळानं वाण लुटलं नाही. ते पैसे आई-बाळांसाठी बाजूला ठेवले. आता नवजात कक्षाला बाळांना ऊब देणारा वॉर्मर द्यायचा, की संशोधन निधीला हातभार लावायचा?

वॉर्मरचं मोल मला ठाऊक आहे. माझी भाची सातव्या महिन्यात झाली. पाऊल माझ्या अंगठ्याएवढं. वॉर्मरखाली तिची निळसर बोटं हळूहळू गुलाबी होताना मी काचेतून पाहिली. यंत्राचा उपयोग असा लगेच डोळ्यांना दिसतो. फक्त दुरुस्तीचा खर्च आधीच धरायला हवा.

संशोधनाचं फळ उशिरा येतं, कधी येतही नाही. पण आलं की गावोगाव पोचतं. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका तपासल्या, तेव्हा 92 टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. 1989 साली ते छापून येईपर्यंत हे दुखणं कुणी मोजलंच नव्हतं! पुढे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत तिथल्याच बायकांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं. 1999 साली निष्कर्ष आला: इतर गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येते, ती याच कामामुळे.

माझ्या बहिणीला सातव्या महिन्यातच कळा का आल्या, हे कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नाही. माझं मत संशोधनाला.