घाटात ट्रेलर दम सोडतोय: टर्बो बदलायचा, नोझल-पंप करायचे की आधी दुसरंच काही बघायचं?

न्हावाशेवावरनं कंटेनर भरून निघालेली गाडी पनवेल, खोपोलीपर्यंत मस्त पळते, ड्रायव्हरची काही तक्रार नसते, आणि बोरघाट लागला की एकेक गिअर उतरवत शेवटी अशी रांगायला लागते की मागची लाईन हॉर्न मारून मारून थकते. नाशिककडे जाणाऱ्यांचं कसाऱ्यात तेच, साताऱ्याकडे जाणाऱ्यांचं खंबाटकीत तेच. मग गाडी गॅरेजला जाते आणि तिथे दोन मतं पडतात, एक फिटर म्हणतो टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला, दुसरा म्हणतो नोझल-पंप (डिझेल फवारणारे नोझल आणि त्यांना डिझेल पुरवणारा पंप) करून घ्या, आणि मालक बिचारा हप्ता डोक्यात ठेवून मध्येच उभा. दोन्ही कामं हजारांत जातात, कॉमन रेलची (कॉम्प्युटर डिझेल सोडतो ती, नव्या पद्धतीची) गाडी असेल आणि सगळे इंजेक्टर, म्हणजे तिथले नोझल, बदलायची वेळ आली तर लाखाच्या घरात जाऊ शकतात. म्हणून कुठलं काम कधी करायचं, कधी अजिबात नाही, ते सरळ शेजारी शेजारी ठेवून सांगतो.

आधी एक हिशोब बघा, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडी-माल धरून ५५ टनांचा ट्रेलर सपाट रोडला ५०च्या स्पीडने न्यायला साधारण १०० हॉर्सपॉवर पुरते. म्हणजे ३०० हॉर्सपॉवरच्या घोड्याची (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीची) ताकद ३० टक्के मेलेली असली तरी सपाटीला कोणाला पत्ताच लागत नाही, गाडी ओढते, ड्रायव्हर खूश. तोच ट्रेलर ५ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर चढ असेल तिथे, पूर्ण ३०० हॉर्सपॉवर लावून जेमतेम २३च्या आसपास चढतो, आणि ३० टक्के गेलेली असेल तर १६वर येतो. बिघाड घाटात होत नाही हो, तो आधीपासूनच असतो, घाट फक्त तो बाहेर काढतो.

याच हिशोबातनं दुसरी गोष्ट निघते, की खरंच बिघाड आहे का तेच आधी ठरवा. २५० हॉर्सपॉवरचा घोडा ५५ टन घेऊन त्याच चढावर १९-२०नेच जाणार, तो तब्येतीने ठणठणीत असला तरी. २०१८ला सरकारने एक्सलचं वजन वाढवलं आणि मोठ्या ट्रेलरचं पासिंग, म्हणजे गाडी-माल मिळून परवानगीचं वजन, ४९चं ५५ टन झालं, पण जुन्या घोड्यांची हॉर्सपॉवर काही वाढली नाही, लोकांनी माल वाढवला आणि मग गाडी आधीसारखी ओढत नाही म्हणून फिटरच्या मागे लागले. त्यात ओव्हरलोड असेल तर विषयच नको. तर वजनकाट्याची पावती बघा, मागच्या वर्षी त्याच घाटात तेवढ्याच मालावर गाडी कुठल्या गिअरला चढत होती ते ड्रायव्हरला विचारा, आणि फरक खरंच पडला असेल तरच पुढे वाचा.

आता गॅरेजला जायच्या आधी ड्रायव्हरकडनं दोन गोष्टी हव्यात, धूर आणि आरपीएमचा काटा. यातच निम्मं काम होतं. चढावर ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला असताना सायलेन्सरमधनं काळा धूर येतोय म्हणजे डिझेल जातंय पण त्याला पुरेल एवढी हवा नाही, तेव्हा हवेच्या बाजूला बघायचं, नाहीतर नोझल टपकतंय. धूर काहीच नाही आणि ताकदही नाही, म्हणजे बहुतेक डिझेलच कमी पोचतंय किंवा कॉम्प्युटरनेच ताकद कापलीय. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, टर्बोचं सील नाहीतर पिस्टन रिंग. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर चालूच असेल तर नोझल, टायमिंग किंवा हेड गॅस्केट, आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर गॅस्केटच आधी धरा. मात्र एक सांगतो, हे जुन्या गाड्यांना तंतोतंत लागू पडतं, नव्या धूर-नियमांच्या बीएस-६ गाड्यांना डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरकडचा काजळीचा फिल्टर, काळा धूर अडवतो त्यामुळे तिथे धुरावर विसंबू नका, तिचं वेगळं खाली लिहिलंय.

काट्याचं सोपं आहे. काटाही पडतो आणि स्पीडही पडतो तर दोष इंजिनचा किंवा गाडी कुठेतरी जाम आहे. काटा वर चढतो पण स्पीड वाढत नाही, आणि केबिनमध्ये जळका वास येतो, तर क्लचप्लेट घसरतेय, तिथे टर्बोला हात लावायचं कारणच नाही.

आता मुख्य तुलना, टर्बो की नोझल-पंप.

टर्बोवर संशय घ्यायचा तर काळा धूर, पिकअप उशिरा येणं, शिट्टीचा आवाज बदलणं किंवा फुस्स असा आवाज येणं ही लक्षणं. पण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण टर्बोने दाबलेली हवा इंजिनपर्यंत पोचायच्या आधीच रस्त्यात गळत असते. इंटरकूलरचा (ती हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी होज फाटलेला, क्लॅम्प सैल, नाहीतर इंटरकूलरच चिरलेला. टर्बो आपलं काम चोख करतोय आणि हवा बाहेर चाललीय. ते बघायला सगळे जॉईंट हाताने चाचपा, खालच्या बाजूने खास करून, कारण चीर बऱ्याचदा वरून दिसत नाही पण तिथे तेलकट काळी धूळ चिकटलेली असते. मग साबणाचं पाणी मारायचं आणि फिटरला कमी प्रेशरची हवा भरायला सांगायचं, बुडबुडे कुठे येतात ते लगेच दिसतं. क्लॅम्प काहीशे रुपयांचा, होज दोन-चार हजारांत भागतो. आणि त्याच्याही आधी एअर फिल्टर, पाईपवरचा इंडिकेटर लाल झालाय का बघा, ऊस, सिमेंट, मातीच्या रोडवर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर किलोमीटरच्या हिशोबाने नाही तर धुळीच्या हिशोबाने जातो. नुसती हवा मारून तोच तोच फिल्टर परत टाकू नका, पेपरला बारीक भोक पडलं की तीच धूळ टर्बोची पाती खाते.

एवढं सगळं बरोबर निघालं तर मग टर्बो. इंजिन बंद, पूर्ण थंड, टर्बोत हवा नेणारा पाईप काढायचा आणि शाफ्टचा नट दोन बोटांत धरून हलवायचा. बाजूला थोडासा हलला तर घाबरू नका, त्याचं बेअरिंग ऑईलवर तरंगणारं असतं, तेवढं खेळणारच. पण आत-बाहेर खेळ जाणवला, किंवा फिरवताना पाती बॉडीला घासतेय, किंवा पातीची टोकं खाल्लेली दिसतायत, तर टर्बो गेला हे नक्की. वेस्टगेटची (टर्बोचं प्रेशर आवरणाऱ्या झडपेची) दांडी उघडी राहून जाम असेल तर मात्र टर्बो चांगला असूनही प्रेशर देत नाही, ती सुटी करून किंवा ॲक्च्युएटर बदलून गाडी उठते. आणि टर्बो बदलणारच असाल तर तो का गेला ते फिटरकडनं वदवून घ्या, ऑईलचा रिटर्न पाईप चोक होता का, ऑईल वेळेवर बदललं नव्हतं का, धूळ आली कुठनं. कारण तसंच ठेवून नवा बसवला तर नवाही त्याच रस्त्याने जाणार आणि वॉरंटीला कोणी दारात उभं करणार नाही.

नोझल-पंपाची गोष्ट थोडी वेगळी. इथेही महागड्या कामाच्या आधी स्वस्त कारणं उभी असतात, आणि माझ्या मते घाटात दम सोडणाऱ्या, धूर न मारणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी डिझेल फिल्टरच बदलावा. सपाटीला इंजिन जेवढं डिझेल मागतं तेवढं चोक फिल्टरमधनंही येतं, घाटात मागणी तिप्पट होते आणि तेव्हा फिल्टर पुरवू शकत नाही, इतकं साधं आहे ते. वॉटर सेपरेटरमधलं पाणी सोडा, टाकीतली जाळी बघा, आणि टाकीचं झाकण! झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही, घाटात गाडी मेली की बाजूला घेऊन झाकण उघडा, सूं करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी नीट चढली तर चोर सापडला. सक्शन पाईप हवा घेतोय अशी शंका असेल तर मध्ये थोडा पारदर्शक पाईप जोडून बुडबुडे दिसतात का बघायचं, जुने फिटर हे हमखास करतात आणि स्कॅनरपेक्षा ते पटकन कळतं.

हे झाल्यावर नोझल. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला नोझल काढून टेस्टिंगला लावले की फवारा नीट पडतोय की टपकतोय ते डोळ्यांनी दिसतं, खर्चही आवाक्यात. कॉमन रेलला तसं नाही, तिथे प्रेशर हजार बारच्या कितीतरी वर असतं, तिथे रस्त्याकडेला उघडून बघायचं काम नाही, जीवाला धोका आहे. प्रत्येक इंजेक्टरमागे रिटर्नचं डिझेल बाटलीत मोजायचं, ज्याचं जास्त येतं तो खराब, मग तेवढेच टेस्ट बेंचला पाठवायचे. सगळेच बदलून टाकू म्हणणाऱ्याला आधी रिपोर्ट मागा. आणि नवा इंजेक्टर टाकला की त्याचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, तो भरला नाही तर नवा इंजेक्टर असूनही गाडी झटके मारते.

तर दोघांत निवडायचं झालं तर, काळा धूर असेल आणि हवेचे सगळे पाईप, फिल्टर ठीक असतील तर टर्बो तपासा आणि तो ठीक निघाला तरच नोझल. धूर नसेल (बीएस-६ सोडून) तर आधी टर्बोकडे जाऊ नका, डिझेलच्या लाईनने टाकीपासून पुढे सरकत या. दोन्ही एकदम करू या म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका, कारण गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कधी कळत नाही आणि पुढच्या वेळी परत तेवढाच खर्च.

एक जागा जवळपास कोणीच बघत नाही, ती म्हणजे मागचा ट्रेलर. घोड्याचं इंजिन खोलून बसलेत आणि मागे एखाद्या एक्सलचा ब्रेक सुटतच नाहीये. सपाट रोडला ब्रेक न मारता थोडं अंतर चालवून थांबा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका, भाजेल. एखादाच ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर ॲडजस्टर, चेंबर किंवा व्हॉल्व्ह बघा. एअर गळून प्रेशर कमी पडत असेल तरी स्प्रिंग ब्रेक, जो हवेच्या प्रेशरनेच सुटतो, अर्धवट धरून राहतो. एक परीक्षा सोपी आहे, तोच घोडा दुसऱ्या ट्रेलरला लावून तेवढ्याच मालावर घाट चढवा, फरक पडला तर दोष मागचा आहे, इंजिनला एक पानाही लावायची गरज नाही.

आता बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या. इथे पहिला पाना नाही, पहिला स्कॅनर. कॉम्प्युटर स्वतःच ताकद कापतो आणि त्याची कारणं ठरलेली असतात, डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) संपत आलं किंवा हलक्या प्रतीचं आहे, डीपीएफ भरलाय, पाणी तापलंय, नाहीतर एखादा सेन्सर गेलाय. डीईएफमध्ये युरिया बरोबर ३२.५ टक्के असावा लागतो, ड्रममधनं सुटं, पाणी घातलेलं घेतलं की थोड्याच दिवसांत लाईट लागते आणि घाटात गाडी उभी राहते. वीस-पंचवीस रुपये लिटरमागे वाचवायला जाऊन एससीआरचं, म्हणजे डीईएफ वापरून धूर साफ करणाऱ्या भागाचं, काम काढू नका. डीपीएफ भरला तर उभ्याने रीजनरेशन, म्हणजे अडकलेली काजळी तापवून जाळणं, करून बघायचं, कोरड्या गवतापासून, मालापासून लांब उभी करून, कारण सायलेन्सर भयंकर तापतो. काहीजण डीपीएफ रिकामा करून देतो म्हणतात, ते बेकायदेशीर आहे, पासिंगला अडकाल आणि गाव-शहराची हवा खराब कराल ते वेगळंच.

जुन्या गाडीत तसाच एक मोह असतो, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचं. गाडी दोन दिवस घोड्यासारखी ओढते हे खरं, पण हवा तेवढीच असते, काळा धूर येतो, तापमान वाढतं आणि पिस्टन, टर्बो दोन्हीची वाट लागते. ऑईलचं झाकण उघडल्यावर इंजिन जोरात बॅक मारत असेल, म्हणजे तिथनं हवेचा झोत बाहेर येत असेल, ऑईलही पीत असेल, तर मात्र टर्बो-नोझलवर एक रुपया घालू नका, आधी कॉम्प्रेशन तपासा, हाफ किंवा फुल इंजिनचंच काम आहे ते. आणि हाऊसिंगचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरचा) रेशो बदलू का असं बरेच जण विचारतात. रेशोने ताकद वाढत नाही, फक्त त्याच गिअरला ओढ जास्त मिळते आणि सपाटीचा स्पीड, ॲव्हरेज जातं. पूर्ण वेळ घाटातच चालणाऱ्या गाडीला एकवेळ ठीक, मुंबई-बंगळुरू मारणाऱ्याने नादी लागू नये.

ड्रायव्हर लोकांना एवढंच, घाटाला लागायच्या आधीच गिअर उतरवा, काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा. हजार आरपीएमच्या खाली गुदमरत गाडी ओढली की टर्बोला प्रेशरच बनत नाही आणि चांगली गाडीही मेल्यासारखी वाटते. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या.

नवीन घोडा घ्यायचा विचार असेल तर रोज गाडी-माल धरून ५० टनांच्या वर वजन आणि वाटेत घाट असणाऱ्याने ३०० हॉर्सपॉवरच्या खाली बघू नये, ३०-३५ टनांवर बंदराच्या आसपास फिरणाऱ्याला २५० भरपूर झाली, जास्तीचा हप्ता कशाला. जुनी घेणार असाल तर रिकाम्या गाडीचा ट्रायल घेऊन सौदा करू नका, मालकाला सांगा भरलेली गाडी घाटात दाखव, आणि तुमचा ड्रायव्हर शेजारी बसवून काटा आणि धूर बघायला आरसा दोन्हीकडे लक्ष ठेवायला लावा.